जोडणीची खेळणी जुनी घ्या, पण दाम मोजून घ्या



मुलांची बहुतेक खेळणी जुनी झाली की निकामी होतात. सेलवर चालणारी मोटार सहा महिन्यांत बंद पडते, बाहुलीचा हात निखळतो, चावीचे माकड एकदा थांबले की थांबलेच. पण जोडणीची खेळणी, म्हणजे एकमेकांत बसणारे ठोकळे, प्लॅस्टिकच्या विटा, भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि त्यांचे नटबोल्ट, ही दहा-वीस वर्षे दुसऱ्याच्या घरात खेळून झाली तरी नव्याइतकीच चालतात. ही खेळणी छोट्या जाहिरातींतून, जुन्या बाजारातून आणि घरगुती विक्रीतून कशी मिळवावीत, हे या आठवड्यात सांगणार आहे. त्याचबरोबर, जुने घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न आपल्या घरात हमखास निघतो. तो लहान प्रश्न नाही. त्यावरही बोलले पाहिजे.

आधी टिकाऊपणाचे सांगते. लेगो हे नाव आता मुलांच्या तोंडी झाले आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावात ओले किर्क क्रिस्तियानसन नावाचा एक सुतार होता. १९३२ साली जगभर मंदी होती, घरे बांधून घेणारे गिऱ्हाईक उरले नव्हते, तेव्हा त्याने शिड्या, इस्त्रीच्या फळ्या आणि लाकडी खेळणी करायला घेतली. कंपनी पुढे प्लॅस्टिककडे वळली. आज आपण जी वीट पाहतो, वरून गोल उंचवटे आणि आतून पोकळ नळ्या असलेली, तिचे पेटंट जानेवारी १९५८ मध्ये नोंदवले गेले. त्या साली तयार झालेली वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. याला म्हणतात माप! लहान मुलांसाठी १९६९ मध्ये ड्युप्लो नावाचे मोठे ठोकळे आले, ते लांबी-रुंदी-उंचीला बरोबर दुप्पट केले, त्यामुळे तेही लहान विटांशी जुळतात. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती प्रकारे जोडता येतात, याचा हिशेब गणितज्ञांनी केला आहे: ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. फक्त सहा विटा! त्यामुळे जुन्या बाजारात अर्धा डबा मिळाला, चार विटा हरवलेल्या निघाल्या, म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

पत्र्याच्या पट्ट्यांचे खेळणे याहून जुने. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली त्याचे पेटंट घेतले आणि पुढे त्याला मेकॅनो हे नाव मिळाले. दोन भोकांतले अंतर अर्धा इंच, हा त्याचा कायदा. संचांना क्रमांक असत, आणि एका क्रमांकाचा डबा घेतला की मधला एक पुरवणी डबा घेऊन तो पुढच्या क्रमांकाचा करता येई. ज्याला एकदम मोठा डबा परवडत नाही त्याने दरवर्षी थोडे थोडे वाढवत न्यावे, अशी ती योजना होती. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, तरी त्याच्या पट्ट्या अजून जगभर हात बदलत फिरतात. आपल्याकडे मेकॅनिक्स या नावाने मिळणारे पत्र्याचे संच त्याच घराण्यातले.

हॅरी क्रोटो या इंग्रज शास्त्रज्ञाला १९९६ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याचे आईवडील जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडात आले होते, जवळजवळ सगळे गमावून. आपल्या घडणीत मेकॅनोचा मोठा वाटा आहे, असे तो सांगत असे. नट किती आवळावा हे हाताला कळते, ते पुस्तकातून कळत नाही. आणि मला वाटते, आपल्या घरांसाठी या खेळण्याचे मोल याहून मोठे आहे. ज्या घरातला बाप रेल्वेच्या वर्कशॉपात, गोदीत नाही तर गॅरेजात पाना चालवतो, त्या घरात मुलाच्या इंग्रजीच्या पुस्तकापुढे तो बाप मुका होऊन बसतो. पत्र्याच्या पट्ट्यांसमोर मात्र तोच गुरुजी असतो, मग तो चौथी शिकलेला का असेना. आयटीआय, पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या मुलांना पहिल्या वर्षी सगळ्यात जड जाते ते ड्रॉइंग. कागदावरचा आकार डोळ्यांपुढे उभा करायची सवय दहाव्या वर्षी लागली तर अठराव्या वर्षी घाम फुटत नाही. मुलींनाही ही सवय तितकीच हवी. मुलाला पट्ट्या आणि मुलीला भातुकली, ही वाटणी आपल्या घरात तरी नको.

आता नव्या डब्याची किंमत. परदेशी खेळण्यांवरचे आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी उद्योगाला त्याने हातभार लागला असेल, पण काचेच्या कपाटातला लेगोचा मोठा डबा हजारांच्या घरात गेला. ज्या घरात महिन्याचा किराणा दोन हप्त्यांत भरला जातो त्या घराने तो घ्यावा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून जुने. आणि जुने म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते.

ती आठी समजून घेतली पाहिजे. उतरलेले लुगडे, शिळी भाकर, प्रेतावरचे कापड, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या पुढ्यात गावाने 'हक्क' म्हणून टाकले, त्यांच्या कानाला 'जुने' हा शब्द फक्त वस्तूचे वय सांगत नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे-उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडून द्या म्हणून सांगितले, ते आपली मान ताठ व्हावी म्हणून. त्या शिकवणीवर वाढलेली एखादी आजी "दुसऱ्याच्या पोरांनी टाकलेलं माझ्या नातवाला नको" म्हणाली, तर सुनेने तिला अडाणी समजू नये. ती उगाच बोलत नाही.

परंतु त्याच बाबासाहेबांची दुसरी गोष्टही आजीला सांगावी. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. शिष्यवृत्तीचे पैसे तुटपुंजे. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तिथे सुमारे दोन हजार जुनी पुस्तके विकत घेतली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. जुनीच पुस्तके. आधी ती कोणाच्या हातांत होती, कोणी त्यांवर रेघा मारल्या होत्या, याची त्यांना फिकीर नव्हती. ती कोणी दया म्हणून दिली नव्हती. त्यांनी ती निवडली, दाम दिला आणि घेतली.

फरक इथे आहे. उतरण देणारा काय द्यायचे ते ठरवतो, केव्हा द्यायचे ते ठरवतो आणि पुढे दहा वर्षे त्याची आठवण करून देण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवतो. विकत घेणारा वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहतो, नाक मुरडतो, भाव पाडून मागतो आणि नाही पटले तर खाली ठेवून चालू लागतो. जिला नको म्हणता येते ती वस्तू उतरण नव्हे. बहिणीच्या मुलाचे झबले आपल्या मुलाला घालताना कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण उद्या आपल्याकडचे स्वेटर तिच्याकडे जाणार असते.

घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना हे जास्त लागू पडते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ज्या घरांत तुम्ही काम करता तिथली मुले मोठी होतात आणि ठोकळ्यांचे डबे माळ्यावर जातात. डबा दिसला तर मागू नका, विचारा: "ताई, हा डबा विकायचा आहे का? माझ्या मुलाला घेईन म्हणते." यात लाज कसली? त्यांनी शंभर म्हटले तर शंभर द्या, ऐंशीला द्याल का असे विचारा. काही घरांत माया खरी असते, त्या पैसे घेणार नाहीत. तेव्हा खुशाल घ्या, पण एक पक्के ठरवून ठेवा की खेळणे हे पगाराच्या किंवा दिवाळीच्या बोनसच्या जागी चालणार नाही. "या वेळी बोनसऐवजी बाळाचे खेळ घेऊन जा" हा सौदा ऐकला की हात जोडावेत आणि पैसे मागावेत. आणि डबा घेऊन निघताना गेटवरच्या चौकीदारासाठी चिठ्ठी जरूर घ्यावी. मोठ्या इमारतींत बाईची पिशवी तपासतात, साहेबाची तपासत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, तारीख आणि घरमालकिणीची सही असावी; फोनवर तसा संदेश पाठवून घेतला तरी चालेल. मात्र तो पुसू नये. वर्षभराने कोणाची अंगठी हरवली तर तो कागद उपयोगी पडतो.

आता परदेशात हे कसे चालते ते पाहा. अमेरिकेत घराला लागून मोटार ठेवायची खोली असते, तिला गॅरेज म्हणतात. शनिवारी सकाळी लोक त्या गॅरेजसमोर टेबल मांडतात, घरातली जुनी भांडी, कपडे, खेळणी त्यावर ठेवतात, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी डकवतात आणि कोपऱ्यावरच्या खांबाला हाताने लिहिलेली पाटी लावतात. झाला गॅरेज सेल. इंग्लंडात मोटारीची डिकी उघडून मैदानात विक्री करतात. हॉलंडमध्ये तर राजाच्या वाढदिवशी, २७ एप्रिलला, मुले स्वतः रस्त्यावर चादर अंथरून आपली जुनी खेळणी विकायला बसतात आणि मिळालेल्या पैशांतून शेजारच्या चादरीवरचे दुसरे खेळणे घेतात. मला यातले आवडते ते असे की विकणारा आणि घेणारा एकाच रस्त्यावर उभे असतात. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. डॉक्टरची मुलगी विकते आणि ड्रायव्हरचा मुलगा घासाघीस करतो. जुन्या लेगो विटांचा व्यापार तर इतका वाढला की २००० साली एकेक सुटी वीट विकण्यासाठी ब्रिकलिंक नावाचा बाजार उभा राहिला आणि २०१९ मध्ये खुद्द लेगो कंपनीनेच तो विकत घेतला.

आपल्याकडे गॅरेज कुठले? इथे दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाकघर आणि झोपायची जागा एकच. पण ज्यांच्याकडे माळे आणि बाल्कन्या आहेत त्यांच्याकडे विकायला डबेही आहेत, आणि ते डबे केव्हा बाहेर पडतात याची वेळ ठरलेली आहे. एक वेळ दिवाळीच्या आधीची. आपण दिवाळी करतो की नाही हा वेगळा विषय, पण मोठ्या इमारतींत त्या पंधरवड्यात साफसफाई निघते आणि खेळण्यांची पोती भंगारवाल्याकडे जातात. दुसरी वेळ एप्रिल ते जूनची. बँकेतले, सरकारी खात्यातले लोक बदलीवर जातात, ट्रकचे भाडे वाचवायला सामान हलके करतात. बदलीवर निघालेल्या माणसाला घासाघीस करायला वेळ नसतो, हे ध्यानात ठेवावे.

छोट्या जाहिराती पूर्वी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असत, आजही काही असतात. पण खेळण्यांच्या बहुतेक जाहिराती आता फोनवर, ओएलएक्स आणि फेसबुकच्या मार्केटप्लेसवर आल्या आहेत. तिथे शोधताना नुसते 'लेगो' लिहू नये. ज्याला लेगोची किंमत कळते तो ती लावूनच विकतो. आपल्याला हवा आहे तो माणूस, ज्याला फक्त कपाट रिकामे करायचे आहे. तो लिहितो 'ब्लॉक्स', 'मुलांची खेळणी एकत्र', 'पझल आणि ठोकळे', नाही तर नावच चुकवतो. म्हणून निरनिराळे शब्द घालून पाहावेत आणि आपल्या राहत्या भागापासून चार-पाच स्टेशनांच्या आतच शोधावे. वीस रुपयांच्या फायद्यासाठी अर्धा दिवस आणि रिक्षाभाडे घालवण्यात अर्थ नाही. फोनवर चारच गोष्टी विचाराव्यात: नग किती किंवा वजन किती, डब्यावर कोणते नाव आहे, चाके आणि छोटे भाग आहेत का, आणि कुठे येऊन पाहता येईल. पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, आधी थोडे पैसे टाका, माल कुरिअरने येईल" असे सांगून फसवणारे भामटे या जाहिरातींवर टपलेले असतात. आणि उद्या तुम्हीच काही विकायला काढले तर एवढे लक्षात असू द्या की पैसे मिळण्यासाठी पिन टाकावी लागत नाही. पिन टाकली की पैसे जातात. माणूस सज्जन वाटला तरी भेटायचे ते दिवसा, इमारतीच्या गेटपाशी, आणि बायकांनी शक्यतो एकटीने जाऊ नये.

बाजारांत मुंबईला चोरबाजाराच्या परिसरात शुक्रवारी भरणारा जुम्मा बाजार आहे, तिथे पहाटे जाणाऱ्याला माल मिळतो आणि उन्हं वर आल्यावर जाणाऱ्याला गर्दी. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. पण माझा सल्ला विचाराल तर सर्वांत आधी आपल्या नाक्यावरच्या रद्दी-भंगारवाल्याला सांगून ठेवावे. तो बऱ्याचदा आपल्यातलाच, ओळखीचा असतो. ठोकळ्यांचे पोते त्याच्याकडे आले की ते प्लॅस्टिकच्या भावाने पुढे जाते. धारावीसारख्या ठिकाणी असे प्लॅस्टिक प्रकारानुसार आणि रंगानुसार निवडून दळले जाते. दळण्याआधी ते आपल्या घरी आले तर त्याला भंगारभावापेक्षा चार पैसे जास्त मिळतात आणि आपल्याला नव्याच्या मानाने नगण्य किमतीत पोतेभर विटा. अशा सौद्यात दोघेही खूश होतात.

वस्तू हातात आली की आधी दोन विटा जोडून उलट्या धरा. वरची खाली पडली तर त्या ढिल्या झाल्या आहेत किंवा नकली आहेत. खऱ्या लेगोच्या प्रत्येक उंचवट्यावर बारीक अक्षरांत नाव उठवलेले असते. नकली वाईटच असते असे माझे म्हणणे नाही, काही चांगल्या बसतात. मात्र त्यांचा भाव खऱ्याचा देऊ नये. पिवळट पडलेली पांढरी वीट म्हणजे ती उन्हात राहिलेली आहे, खेळायला तिला काही होत नाही. कडेला चीर गेलेली असेल तर घेऊ नका, ती बोटात शिरते. पत्र्याच्या पट्ट्या वाकलेल्या असल्या तर सरळ करता येतात. गंजून पापुद्रे सुटत असतील तर सोडून द्या. नटबोल्ट कमी असणारच. नमुन्याचा एक बोल्ट खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जावे, बहुधा जोड मिळते. जुना इंग्रजी मेकॅनो हाती लागलाच तर त्याच्या भोकांत चार मिलिमीटरचा बोल्ट जातो. पुस्तिका नसली म्हणून किंमत पाडून मागावी. लेगोच्या असंख्य संचांच्या पुस्तिका कंपनी आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवते, डब्यावरचा क्रमांक घातला की मिळतात. हे विकणाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

घरी आणल्यावर धुतल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नये. कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. पाणी ४० अंशांच्या वर गरम नको, नाही तर विटा वाकतात आणि मग कशातच बसत नाहीत. उकळत्या पाण्यात टाकण्याचा मोह आवरा. कांद्या-बटाट्याच्या जाळीच्या पिशवीत भरून बादलीत खळबळवाव्यात आणि सावलीत, फडक्यावर पसरून वाळवाव्यात. पत्र्याच्या पट्ट्यांना पाणी लावूच नका. पॉलिश पेपरने गंज घासावा, धारदार कड कानसीने मोडावी आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा. हे काम रविवारी बापाने मुलाला शेजारी बसवून करावे.

आता जी काळजी घेतलीच पाहिजे ती. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला लहान विटा आणि नट देऊ नयेत, ते घशात अडकतात. एका खोलीत मोठे आणि तान्हे दोन्ही असतील तर मोठ्याचा खेळ डब्यात बंद करून फळीवर ठेवण्याची शिस्त लावा. चुंबकाने चिकटणारे ठोकळे जुने घेऊच नका. ते फुटून आतली चुंबके बाहेर येतात, आणि दोन चुंबके पोटात गेली तर आतड्याला आतल्या आत चिमटे बसून शस्त्रक्रियेची वेळ येते. फार जुन्या प्लॅस्टिकचाही एक धोका आहे. २०१८ साली इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकाने घरांतून, बालवाड्यांतून आणि जुन्या मालाच्या दुकानांतून २०० जुनी प्लॅस्टिकची खेळणी तपासली. त्यांतल्या काहींत शिसे, कॅडमियम यांसारखी विषारी द्रव्ये आढळली, मुख्यतः पिवळ्या, लाल आणि काळ्या रंगांच्या वस्तूंत. म्हणून ज्याचे वय कळत नाही, रंग सुटतो आहे, असे ठोकळे तोंडात घालणाऱ्या बाळाला नकोत. आठ-दहा वर्षांच्या मुलाने खेळून हात धुवावेत. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्याआधीच्या डब्यावर ते नसले तर तेवढ्यावरून माल खोटा ठरत नाही, मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे.

मुलाला काय सांगायचे? खरे सांगायचे. "हे नवं आहे" अशी थाप मारली तर ती शाळेत दुसऱ्या दिवशी उघडी पडते आणि मुलाला वाटते की जुने घेणे ही लपवायची गोष्ट आहे. त्यापेक्षा सौद्याला त्याला बरोबर न्या. आईने दोनशे सांगितलेला डबा एकशे वीसला कसा आणला, हे पाहिलेला मुलगा मित्रांना ते अभिमानाने सांगेल.

एवढेही परवडत नसेल, किंवा घरात ठेवायला जागाच नसेल, तर पाच-सहा घरांनी मिळून एक पेटी करावी आणि ती विहारात ठेवावी. रविवारी मुलांचा वर्ग सुटला की तासभर पेटी उघडायची, मोजून द्यायची, मोजून घ्यायची. हे काही नवे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९३५ साली, मंदीच्या दिवसांत, पुस्तकांप्रमाणे खेळणी घरी नेण्याची सोय सुरू झाली होती. आपल्याकडे वाचनालये वस्तीवस्तीत उभी राहिली, तशी खेळण्यांची पेटी का उभी राहू नये? हिशेब मात्र एखाद्या नववी-दहावीतल्या मुलीकडे द्यावा. मोठ्यांच्या समितीकडे दिला तर पेटीआधी अध्यक्ष निवडला जाईल.

आणि बाजारात काहीच हाती लागले नाही तर? त्यावरही तोड आहे. आयआयटीतून इंजिनिअर झालेले आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या मुलांपुढे मेकॅनो कुठून आणणार? त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेतली आणि त्यांतूनच मेकॅनो केला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नळी सायकलच्या दुकानात मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, काड्यांचे गूल मोठ्यांनी खरवडून टाकावे आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी सरकवावी. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबून पाहिला तर तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन केला तर तो लगेच एका बाजूला कलंडतो. रेल्वेच्या लोखंडी पुलाला सगळीकडे त्रिकोण का असतात, ते मुलाला इथे कळते. मग नळीच्या तुकड्याला मधोमध भोक पाडून तिसरी काडी घालायची आणि मुलाला विचारायचे, चौकोन कलंडू नये म्हणून आणखी किती काड्या लागतील? त्याला उत्तर सांगू नका. काडेपेटी हातात द्या आणि तुम्ही स्वयंपाकाला लागा.